नागपूरचा समुद्र

नागपूरला बावन्न वर्षं समुद्रकिनारा होता. कुणाला ही थाप वाटेल, पण शाळेच्या इतिहासात एका ओळीत उरकलेली ही गोष्ट खरी आहे. बंगालचा नवाब अलीवर्दी खान मराठ्यांच्या स्वाऱ्यांनी बेजार झाला आणि १७५१ साली त्याने रघुजी भोसल्यांशी तह केला. सुवर्णरेखा नदीच्या दक्षिणेकडचा ओडिशाचा मुलूख व्यवहारात नागपूरकरांकडे आला, शिवाय बंगालची चौथाई म्हणून दरसाल बारा लाख रुपये ठरले. कटक आलं, पुरी आली आणि तिच्यासोबत बंगालच्या उपसागराचा लांबलचक किनाराही आला. तो गेला १८०३ मध्ये. सप्टेंबरात इंग्रज फौज पुरीत शिरली, ऑक्टोबरात कटकचा बाराबाटी किल्ला पडला. इकडे आडगावची लढाई आणि गाविलगड हरल्यावर १७ डिसेंबरला अचलपूरजवळच्या देवगावला तह झाला. सातपुड्याच्या पायथ्याशी केलेल्या एका सहीने नागपूरचा समुद्र संपला.

त्यानंतर आपण राहिलो ते झिरो माइलवाले. देशाच्या मधोमध, म्हणजे कुठलाही समुद्र घ्या, लांबच. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की घरोघरी कूलरसमोर बसून समुद्राच्या गोष्टी निघतात. आमच्याकडे मागच्या उन्हाळ्यात निघाल्या त्या थेट कॅरिबियनच्या. अमेरिकेत असलेली माझी मावसबहीण नवरा-मुलांसह जमैकाला मॉन्टेगो बेला जाऊन आली होती. व्हिडिओ कॉलवर तिने आम्हाला खोली दाखवली, तलाव दाखवला, पांढरी वाळू दाखवली आणि मनगटावरची कागदी पट्टी दाखवली. ही पट्टी असली की सकाळच्या नाश्त्यापासून रात्रीच्या पेयापर्यंत काहीच मागायचं नाही, पाकीट काढायचंच नाही. "अन् स्वयंपाकाचं, भांड्याकुंड्याचं?" आईने विचारलं. "मावशी, पाच दिवसांत मी चहाचा कपसुद्धा विसळला नाही." आई थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "असं पाहिजे बाई एकदा."

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. कुणाला काय दिसावं, कुणाला कुठवर जाता यावं हे ठरवण्याला आमच्या धंद्यात ॲक्सेस कंट्रोल म्हणतात, आणि माझा निम्मा दिवस त्यातच जातो. त्यामुळे मला त्या निळ्या पाण्यापेक्षा ती पट्टी जास्त लक्षात राहिली. ती पाहून डोक्यात आली पुरी. जगन्नाथाची पुरी आणि मॉन्टेगो बे यांचा काय संबंध, असं वाटेल. पण समुद्राकाठी माणसांची प्रतवारी लावून त्यांना आत सोडण्याचा उद्योग पुरीत दोनशे वर्षांपूर्वी चांगला मुरलेला होता. आणि नागपूरचं कुटुंब समुद्राकाठी विसाव्याला कसं पोचलं, हा इतिहास लिहायचा तर तो पुरीवरूनच जातो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. समुद्राकाठी आराम करायला जाणं ही आपल्याकडची जुनी कल्पना नव्हे, आणि युरोपातलीही फार जुनी नाही. तिकडे १७५० साली रिचर्ड रसेल नावाच्या डॉक्टरने समुद्राच्या पाण्याच्या औषधी उपयोगावर लॅटिनमध्ये प्रबंध लिहिला आणि ब्रायटनला रोग्यांची रीघ लागली. तिथे श्रीमंतांना पाण्यात धरून बुचकळून काढणाऱ्या बाया असत, तो त्यांचा पेशाच होता. म्हणजे सुरुवातीला समुद्र हा काढा होता, चैन मागाहून आली. आपल्याकडे तो तीर्थ होता. धर्मशास्त्राने समुद्रस्नानाला पर्वकाळ नेमून दिले होते. उठलं की पाण्यात शिरलं असं नव्हतं. पुरीचा समुद्र तर साक्षात महोदधी, तिथल्या पंचतीर्थांपैकी एक. त्याच किनाऱ्यावर स्वर्गद्वार नावाचं स्मशान आहे आणि तिथे आजही चिता जळत असतात. अशा वाळूवर पाय पसरून नारळपाणी प्यायचं कुणाच्या मनातही आलं नसतं.

तिथे जायचं म्हणजे छत्तीसगडचं रान, संबळपूर, महानदीचं खोरं असा पायी किंवा बैलगाडीचा कित्येक आठवड्यांचा प्रवास. वाटेत पटकी. गेलेला माणूस परत येईलच असं नसे, म्हणून निरोप घेताना घरचे रडत, आणि आला तर मावंदं घालत. मावंद्याचं जेवण हे एका अर्थी जिवंत परतल्याचं जेवण होतं. त्या काळात नागपूरच्या माणसाला समुद्र दिसायचा तो आयुष्यात एकदा, तोही दमून, आजारी पडून, कृतकृत्य होऊन.

आणि पैसे भरून. यात्रेकरूंवरचा कर मोगल अमलातही होता आणि भोसल्यांच्या अमलातही होता. पुरीच्या वेशीवर अठरनाला नावाचा जुना पूल आहे, तिथे यात्रेकरू अडवले जात. भोसल्यांच्या राज्याबद्दल ओडिशात दोन्ही तऱ्हेच्या आठवणी आहेत. जगन्नाथाच्या पूजाअर्चेची त्यांनी नीट व्यवस्था लावली, सिंहद्वारासमोरचा अरुणस्तंभ त्यांच्याच काळात कोणार्कहून आणून उभा केला गेला. आणि महसुलाच्या वसुलीत त्यांचे लोक कठोर होते, हेही तिथे विसरलेले नाहीत. आपल्याला पहिली आठवण तेवढी सांगितली जाते.

इंग्रजांनी मात्र या कराला जे रूप दिलं ते वाचताना मला हसूही आलं आणि कसंसंही झालं. १८०९ च्या नियमानुसार यात्रेकरूंचे चार वर्ग केले: लाल, निमलाल, भुरंग आणि पंजतीर्थी. उत्तरेकडून येणाऱ्या लाल यात्रेकरूला दहा रुपये, निमलालला पाच, भुरंगला दोन. पंजतीर्थी म्हणजे अगदी गरीब, त्यांना माफी. दक्षिणेकडून येणाऱ्यांना दर कमी. पैसे भरले की परवाना मिळे, आणि जसा वर्ग तसे मंदिरात दर्शनाचे दिवस. आजच्या भाषेत प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर. एका व्यापारी कंपनीने हिशेबनीसाच्या डोक्याने देवदर्शनाचं पॅकेज बनवलं होतं. विलायतेतल्या मिशनऱ्यांनी, आपलं सरकार मूर्तिपूजेतून पैसा कमावतं म्हणून ओरड केली आणि १८४० मध्ये हा कर रद्द झाला. ओरड करणाऱ्यांचा हेतू यात्रेकरूंच्या सोयीचा नव्हता, पण फायदा यात्रेकरूंचा झाला. इतिहासात असं बरेचदा होतं.

पुढे १८५४ मध्ये नागपूरचं राज्यच खालसा झालं, आणि ज्या गावाने तलवारीने समुद्र मिळवला होता त्याला तो पुन्हा मिळाला तिकिटाने. १८६७ ला मुंबईकडून रेल्वे नागपूरला आली. पूर्वेकडे १८८२ पर्यंत राजनांदगावपर्यंत मीटरगेज रूळ पडले, गहू आणि गळिताचं धान्य वाहून न्यायला. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने ही लाइन ताब्यात घेतली, रुंद केली आणि १९०० च्या सुमारास नागपूर हावड्याला जोडलं. दरम्यान १८९७ ला खुर्दा रोडहून पुरीपर्यंत फाटा पोचला होता. १९०२ मध्ये कटकपर्यंतचा रस्ता आणि तो पुरीचा फाटाही बंगाल नागपूर रेल्वेकडे आला. आपल्या गावाचं नाव छापलेले डबे जगन्नाथाच्या दारात जाऊन उभे राहू लागले. कलकत्त्याचे लोक बीएनआरचा अर्थ 'बी नेव्हर रेग्युलर' असा सांगत, म्हणजे वेळेवर कधी नाहीच. पण आठवड्यांचा प्रवास दिवसांवर आला होता, थोडा उशीर चालण्यासारखा होता.

याच कंपनीने १९२५ साली पुरीच्या किनाऱ्यावर हॉटेल काढलं, बीएनआर हॉटेल. पांढरी दुमजली इमारत, लांब व्हरांडे, समोर समुद्र. मंदिरापासून लांब, स्वर्गद्वारापासून लांब. इथे माणसं देवासाठी येत नव्हती, हवेसाठी येत होती. कलकत्त्याचे साहेब, मेमसाहेब, आणि साहेबी राहणीचे मोजके हिंदी लोक. सकाळी समुद्रस्नान, दुपारी झोप, चार वाजता चहा. आपल्याकडच्या मध्य प्रांताचं सरकार उन्हाळ्यात पचमढीच्या डोंगरावर जात असे; समुद्राची चैन ही त्यापुढची पायरी होती. नागपूरच्या नावाने चालणाऱ्या कंपनीचं हे हॉटेल. त्यात नागपूरचे किती लोक राहिले असतील याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

माझे आजोबा राहिले नाहीत, पण त्यांनी ते पाहिलं. ते नागपूरला दक्षिण पूर्व रेल्वेत कारकून होते. बंगाल नागपूर रेल्वे १९४४ ला सरकारने घेतली आणि तिचा मोठा भाग १९५५ मध्ये दक्षिण पूर्व रेल्वे झाला, पण मोतीबागेतली जुनी माणसं शेवटपर्यंत 'बीएनआर'च म्हणत. रेल्वेच्या नोकरीत पगार बेताचा, पण पास मिळायचा. केंद्र सरकारच्या इतर नोकरांना १९५६ पासून एलटीसी मिळू लागली, आणि ब्लॉक इअर संपायच्या आत कुठेतरी जाऊन आलंच पाहिजे असा नवाच धर्म मध्यमवर्गात सुरू झाला. यात्रा आणि सहल यांच्यातली भिंत पाडली ती या दोन कागदांनी. देवदर्शन तर होईलच, पण पोरांना समुद्रही दाखवू, असं लोक म्हणू लागले.

आजी सांगते ती पुरीची सहल १९७४ ची. होल्डॉल, तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, चिवड्याचा डबा, फिरकीचा तांब्या आणि रॉकेलचा स्टोव्ह. होय, स्टोव्ह. धर्मशाळेत उतरायचं, तर स्वयंपाक तिथेच. पाच माणसांचं दोन वेळचं करून, भांडी घासून, ओली धुणी कठड्यावर वाळत घालून आजी समुद्रावर पोचायची तेव्हा सूर्य डोक्यावर आलेला असायचा. "मंग तुला मजा आली का नाही?" असं मी एकदा विचारलं. "आली ना. पाण्यात गेले तितका वेळ आली," ती म्हणाली. "बाकीचा वेळ घरच होतं ते. फक्त नळ लांब होता."

हे वाक्य मी विसरू शकत नाही. आपल्याकडे पंचतारांकित रिसॉर्टला नाकं मुरडणारे बरेच आहेत. तेवढ्या पैशात किती प्रवास झाला असता, खरा देश कुठे पाहिला, वगैरे. मला ते पटत नाही. 'खरा देश' पाहणाऱ्या त्या सहलींत घरातल्या बाईला सुट्टी नव्हती. पुरुषांची रजा मंजूर व्हायची, बाईची बदली व्हायची. समुद्राकाठी निवांत बसायची जी मुभा बीएनआरच्या व्हरांड्यात मेमसाहेबाला १९२५ मध्ये होती, ती आमच्या घरात पोचायला जवळजवळ शंभर वर्षं लागली. गेल्या डिसेंबरात आम्ही सगळे चार दिवस पुरीला एका किनाऱ्यावरच्या हॉटेलात राहिलो. जमैकाचा खर्च परवडणारा नव्हता आणि आजीला इतका लांबचा विमानप्रवास झेपणारा नव्हता. पहिल्या सकाळी आई सवयीने साडेपाचला उठली, करायला काही नाही हे लक्षात आल्यावर गॅलरीत खुर्ची टाकून बसली आणि आठ वाजेपर्यंत तिथून हलली नाही. विकत घेतलेली विश्रांती खोटी असते असं जे म्हणतात त्यांनी ती कधी न मिळालेल्या माणसाला विचारावं.

पण त्या विश्रांतीसोबत आणखी एक गोष्ट विकली जाते, आणि हिशेब तिथे बिघडतो. ती गोष्ट म्हणजे दुसरं कुणी आसपास नसणं. कॅरिबियन रिसॉर्टच्या छायाचित्रात वाळू नेहमी रिकामी असते. ती आपोआप रिकामी राहत नाही. सर्वसमावेशक सुट्टीची कल्पना रुजवणारा क्लब मेड १९५० मध्ये भूमध्य समुद्रातल्या मायोर्का बेटावर तंबूंनी सुरू झाला; पुढे तिथे पाकिटाऐवजी गळ्यात मण्यांची माळ घालून पेयं मिळत. जमैकात १९८१ ला मॉन्टेगो बेचं सँडल्स उघडलं आणि ही पद्धत तिकडच्या बेटांची ओळख बनली. मण्यांच्या जागी पट्टी आली. जमैकात हे सोपं गेलं याला एक जुना कायदा कारण आहे. तिथल्या १९५६ च्या बीच कंट्रोल ॲक्टने भरती-ओहोटीमधला किनारा राजसत्तेच्या मालकीचा ठरवला, परवान्यांची पद्धत आणली, पण सामान्य माणसाला किनाऱ्यावर जाण्याचा सरसकट हक्क दिला नाही. किनारा सरकारचा आहे म्हणजे तो लोकांचा आहे असं नव्हे, हा धडा त्या कायद्यात आहे. वसाहतीच्या काळातला तो कायदा देश स्वतंत्र झाल्यावरही राहिला, आणि पोहायला जायचं तर समुद्र शोधावा लागतो, अशी तक्रार बेटावरच जन्मलेले लोक आजही करतात. शेजारच्या बार्बाडोसमध्ये सगळे किनारे सार्वजनिक आहेत. तोच समुद्र, तेच पर्यटक, फरक कायद्याचा.

आपल्याकडे काय आहे? १९८१ मध्ये इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून पाचशे मीटरचा पट्टा मोकळा ठेवायला सांगितलं. त्यातून १९९१ च्या फेब्रुवारीत सीआरझेडची अधिसूचना निघाली. तिच्यात पळवाटा पडत गेल्या आणि पुढच्या दुरुस्त्यांनी त्या रुंदही केल्या, पण किनारा कुणा एकाचा नाही ही समजूत टिकली. तिची खरी परीक्षा गोव्यात झाली. पणजीजवळ दोना पावलाच्या बाजूला वाइंगिणीचा छोटा किनारा आहे. तिथल्या आलिशान हॉटेलासाठी सरकारने जमीन संपादन करून दिली ती किनाऱ्यावर जायची लोकांची वाट मोकळी राहील या अटीवर. पुढे बांधकाम वाढलं आणि वाट अडली. स्थानिक लोक न्यायालयात गेले. खटला वर्षानुवर्षं चालला आणि जानेवारी २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लोकांच्या बाजूने निकाल दिला. समुद्रकिनाऱ्यासारख्या गोष्टी सरकारकडे जनतेचा विश्वस्त म्हणून असतात, त्या कुणाला आंदण देता येत नाहीत, असं न्यायालयाने सांगितलं आणि वाटेत आलेलं बांधकाम पाडायला लावलं. त्याच वर्षी गोवा सरकारने भूसंपादन कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती करून ते बांधकाम वाचवलं. म्हणजे वाटेचा हक्क सिद्ध झाला, पण तो राखायला लोकांना जन्मभर जागं राहावं लागणार, हेही सिद्ध झालं.

हा गोवेकरांचा प्रश्न आहे, नागपूरच्या माणसाला त्याचं काय, असं कुणी म्हणेल. मला उलट वाटतं. किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला एक वाट बंद झाली तर दुसरी ठाऊक असते. कुणाच्या तरी वाडीतून, कुणाच्या तरी होडीमागून तो पाण्यापर्यंत पोचतो. आपण हजार किलोमीटरवरून येतो. आपल्याला फक्त तीच वाट सापडते जी सगळ्यांसाठी आहे. किनारा खोलीच्या भाड्यात विकला जाऊ लागला तर सगळ्यात आधी समुद्र जाईल तो बिनकिनाऱ्याच्या गावांतल्या, पासावर आणि सेकंड क्लासने येणाऱ्या माणसांचा. १९७४ मध्ये माझ्या आजोबांना बीएनआर हॉटेलच्या फाटकातून आत जाता आलं नसतं. पण फाटकासमोरच्या वाळूवर ते पोरांना घेऊन तासभर बसले होते, आणि त्यांना तिथून कुणी उठवलं नाही.

पुरीच्या किनाऱ्यावर नोलिया असतात. मूळची आंध्रच्या किनाऱ्याची, तेलुगू बोलणारी ही कोळी माणसं. डोक्याला शंकूसारखी पांढरी टोपी घालून ती पिढ्यान्‌पिढ्या अनोळखी लोकांना लाटांत धरून नेतात आणि परत आणतात. साहेब हॉटेलात उतरू लागले तेव्हा त्यांनी साहेबांचे हात धरले. त्यांच्याच हाताला धरून माझी आजी पहिल्यांदा गळाभर पाण्यात गेली. व्हरांड्यातल्या पाहुण्याची लाट वेगळी आणि धर्मशाळेतल्या यात्रेकरूची लाट वेगळी, असं त्यांनी कधी केलं नाही. खोली, पलंग, जेवण, आयता चहा हे सगळं ज्याला परवडेल त्याने जरूर विकत घ्यावं, आपल्या आईसाठी तर नक्कीच घ्यावं. फक्त बुकिंग करताना पानाच्या तळाशी 'खासगी किनारा' असं लिहिलेलं दिसलं तर एवढं विचारावं, की हा किनारा आधी कुणाचा होता, आणि ते लोक आता कुठून जातात?